‘डायब्लो २: रिसरेक्टेड’ : पारख असलेल्या हातांसाठीचा खेळ

गेल्या महिन्यात सुट्टीसाठी माझा भाचा ठाण्याहून आमच्याकडे दादरला राहायला आला होता. रात्रीची जेवणे आटोपल्यावर तो माझ्या संगणकावर ‘डायब्लो २: रिसरेक्टेड’ खेळत बसला आणि मी शेजारी खुर्ची ओढून पाहत राहिलो. माझेच पात्र घेऊन तो या खेळातल्या प्रसिद्ध गुप्त पातळीवर, म्हणजे दोन पायांवर उभे राहून लांब दांड्याची शस्त्रे चालवणाऱ्या गाईंच्या कुरणात शिरला होता. कळप आडवा झाला, जमिनीवर वस्तूंचा सडा पडला, आणि त्याने निळ्या व पिवळ्या अक्षरांतल्या, म्हणजे जादुई, सगळ्या वस्तू उचलून पांढऱ्या अक्षरांतली एक ‘क्रिस्टल स्वोर्ड’ तिथेच सोडून दिली. मी त्याला मागे फिरायला सांगितले. ‘‘मामा, साधी तलवार आहे ती, तिच्यात काहीच नाहीये,’’ तो म्हणाला. ‘‘काहीच नाहीये म्हणूनच उचल,’’ मी म्हणालो.

ती तलवार घेऊन आम्ही पाचव्या अंकातल्या हॅरोगाथ गावी गेलो. तिथला लोहार लार्झुक एका कामगिरीच्या बदल्यात कोणत्याही एका साध्या वस्तूला छिद्रे पाडून देतो, आणि गाईंच्या कुरणात सर्वांत सोप्या काठिण्यपातळीवर मिळालेल्या क्रिस्टल स्वोर्डला त्याच्या हातून बरोबर चार छिद्रे पडतात, कारण छिद्रांची संख्या वस्तू कोणत्या पातळीच्या शत्रूकडून पडली यावर ठरते. त्या चार छिद्रांत ताल, थुल, ऑर्ट आणि ॲम्न हे चार रून, म्हणजे अक्षरचिन्हे कोरलेले जादूचे दगड, याच क्रमाने बसवले की तलवारीचे नाव बदलून ‘स्पिरिट’ होते. तिच्यामुळे पात्राची सगळी कौशल्ये दोन पायऱ्यांनी वाढतात, मंत्र टाकण्याचा वेग किमान २५ टक्क्यांनी वाढतो आणि जादूसाठी लागणाऱ्या ‘माना’ या शक्तीची तर चंगळ होते. क्रम चुकला, छिद्र एक कमी किंवा जास्त असले, किंवा तलवार आधीच जादुई असली, तर मात्र चारही रून वाया जातात. भाच्याने टाकून दिलेली ती वस्तू त्या रात्री उचललेल्या सगळ्या निळ्या-पिवळ्या मालापेक्षा मोलाची होती, आणि हे खेळाने त्याला कुठेही सांगितले नव्हते.

मी २००१ पासून अॅक्शन रोल-प्लेइंग प्रकारातले खेळ खेळत आलो आहे. या प्रकाराचा कंटाळा का येत नाही, असे मला घरच्यांनी अनेकदा विचारले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात राक्षस मारणे, माल गोळा करणे आणि आकडे वाढवणे एवढेच दिसते, आणि ते दिसणे खोटे नाही. परंतु जुन्या खेळाडूला जे धरून ठेवते ते या तिन्हींच्या पलीकडचे आहे आणि त्याला आपल्या भाषेत ‘पारख’ हा नेमका शब्द आहे. क्रॉफर्ड मार्केटात मुरलेला माणूस आंब्याच्या पेटीवरचे गवत जरा बाजूला करून देठाजवळ हुंगतो आणि पेटी घ्यायची की नाही ते ठरवतो. त्याच्या हातात जे ज्ञान असते ते पेटीवर छापलेले नसते. चांगल्या खेळात पात्राची पातळी वाढते त्याबरोबर खेळणाऱ्याची पारखही वाढत जाते, आणि पात्र पुसून टाकले तरी ती उरते. ‘डायब्लो २: रिसरेक्टेड’ची शिफारस मी याच एका कारणासाठी करतो आहे.

मूळ ‘डायब्लो २’ जून २००० मध्ये आला आणि त्याची ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ ही पुरवणी २००१ मध्ये. त्याची ही नवी आवृत्ती २३ सप्टेंबर २०२१ रोजी विंडोज, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच यांच्यासाठी एकाच वेळी प्रसिद्ध झाली. ती घडवण्यात व्हिकॅरियस व्हिजन्स या स्टुडिओचा मोठा वाटा होता. जुन्या खेळाचे चित्र ६४० बाय ४८० आणि पुरवणीनंतर ८०० बाय ६०० ठिपक्यांचे असे, आता तेच जग त्रिमितीत, प्रकाश-सावल्यांसह आणि फोर-के पडद्यावर दिसते. परंतु या नूतनीकरणातली खरी शहाणपणाची गोष्ट अशी की आतले गणित बदललेले नाही. जुन्या खेळाचे यंत्र सेकंदाला २५ फ्रेमच्या तालात पूर्वीसारखेच चालू असते आणि नवे चित्र त्याच्यावर पांघरलेले असते. संगणकावर खेळताना ‘जी’ ही कळ दाबली की पांघरूण क्षणात दूर होते आणि २००० सालचे चित्र समोर येते. चालता चालता, लढता लढता, केव्हाही. मी पहिल्या आठवड्यात ही कळ शेकडो वेळा दाबली असेन. दरवेळी जाणवले ते हे की माझ्या आठवणीतले चित्र जुन्या चित्रापेक्षा नव्याच्या जवळचे होते. म्हणजे त्या ठिपक्यांत जे नव्हते ते आमच्या डोळ्यांनी तेव्हाच भरून काढले होते.

तेव्हा आम्ही चौघे मित्र दादर पश्चिमेला एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या सायबर कॅफेत खेळत असू. पाच संगणक, एक पंखा, तासाला वीस रुपये. कॅफेतले संगणक एकमेकांना जोडलेले असल्याने इंटरनेट नसतानाही चौघांना एकाच जगात उतरता येई, आणि रात्री नऊ वाजता काका ‘‘पोरांनो, शटर ओढतोय’’ म्हणेपर्यंत कोणी उठत नसे. खेळाची माहिती ‘अरियाट समिट’ या अधिकृत संकेतस्थळावर असे, पण छपाईचे पानाला वेगळे पैसे पडत, म्हणून रूनवर्डांच्या, म्हणजे ‘स्पिरिट’सारख्या रून जोडून बनणाऱ्या वस्तूंच्या, कृती आम्ही दोनशेपानी वहीत हाताने उतरवून घेतल्या. ती वही माझ्याकडे अजून आहे. पुढे काही रूनवर्ड केवळ इंटरनेटवरच्या स्पर्धात्मक ‘लॅडर’ हंगामातच बनतील अशी अट आली, आणि ‘स्पिरिट’ त्यांपैकीच एक होते. आम्ही कृती लिहून ठेवली होती, चारही रून जमवले होते, आणि आमच्या कॅफेत ती तलवार कधीच बनू शकत नव्हती. नव्या आवृत्तीने जुन्या खेळातली ही अट काढून टाकली आहे. ऑफलाइन खेळणाऱ्यालाही ते रूनवर्ड बनवता येतात. पहिल्यांदा ‘स्पिरिट’ बनवली तेव्हा मी ती वही काढून त्या पानावर तारीख लिहिली.

या प्रकारच्या खेळाचा आनंद कुठून सुरू होतो हे पाहायचे तर पहिल्या ‘डायब्लो’च्या जन्मकथेकडे जावे लागते. डेव्हिड ब्रेव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या काँडॉर नावाच्या छोट्या कंपनीत, जी पुढे ब्लिझार्ड नॉर्थ झाली, तो खेळ आधी पाळीपाळीने चालण्यासाठी रचला होता. १९८० च्या ‘रोग’पासून चालत आलेल्या खेळांचा तो वारसा होता: आधी खेळाडूची एक चाल, मग राक्षसांची एक चाल. तो सलग वेळेत चालावा असा आग्रह तो प्रकाशित करणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीकडून झाला, ब्रेव्हिक यांना ते पटत नव्हते, तरी त्यांनी एका दुपारी काही तासांत प्रयोग म्हणून बदल करून पाहिला. माउसने एका सांगाड्यावर क्लिक केले, योद्धा चालत गेला आणि त्याने सांगाडा फोडला. हा प्रसंग ब्रेव्हिक यांनी स्वतः पुढे जाहीरपणे सांगितला आहे, आणि मला वाटते की गेल्या तीस वर्षांतले या प्रकारचे सगळे खेळ त्या एका क्लिकमधून निघाले आहेत. १९९६ च्या अगदी अखेरीस बाजारात आलेल्या त्या खेळातली ही जाणीव, की बोट दाबले आणि काहीतरी वजनदार घडले, ‘डायब्लो २’ मध्ये आणखी नेमकी झाली.

ती नेमकेपणाने टिकवणे हे नव्या आवृत्तीचे मोठे यश आहे. गदेचा आघात, हाडे विखुरल्याचा आवाज, अंगठी दगडी फरशीवर पडल्यावर होणारा बारीक ‘टिंग’, रून पडल्यावर होणारा जड, घुमणारा आवाज: हे सगळे जुन्या खेळाडूला डोळे मिटून ओळखता येते. अंगठीचा तो आवाज एवढ्या गर्दीतही वेगळा का ऐकू येतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. पडद्यावर बारा राक्षस, दोन मंत्र आणि एक किंचाळी असते, तरी कान तोच आवाज नेमका टिपतात. मॅट युलमन यांचे संगीतही त्याच जातीचे आहे. बारा तारांच्या गिटारवर वाजणारी ट्रिस्ट्रम गावाची ती धून नव्या आवृत्तीत ऐकली तेव्हा आमच्या सायबर कॅफेतल्या पंख्याची घरघरसुद्धा मला ऐकू आल्यासारखी वाटली.

आता वजनाचा दुसरा अर्थ. मूळ खेळ आणि त्या पुरवणीची मिळून सात पात्रे आहेत: ॲमेझॉन, असॅसिन, बार्बेरियन, ड्रुइड, नेक्रोमॅन्सर, पॅलाडिन आणि सॉर्सरेस. प्रत्येकाला तीन शाखांत विभागलेली तीस कौशल्ये असतात आणि पातळी वाढली की एकच गुण हाती येतो. मूळ खेळात तो एकदा खर्च केला की परत मिळत नसे. मार्च २०१० मध्ये आलेल्या १.१३ या सुधारणेने अकारा नावाच्या वृद्धेकडून प्रत्येक काठिण्यपातळीवर एकदा सगळे गुण परत घेण्याची सोय दिली आणि नव्या आवृत्तीने ती ठेवली आहे. मला हे प्रमाण योग्य वाटते. दहा वर्षे आम्ही चुकीच्या निवडीची किंमत अख्खे पात्र टाकून देऊन मोजली, आणि तेवढी शिक्षा फार होती. परंतु निवड कधीही, फुकट, एका क्लिकवर बदलता आली असती तर ती निवड राहिलीच नसती. आज जे खेळ कोणत्याही क्षणी सगळे बदलू देतात त्यांत माझे पात्र ‘माझे’ होत नाही. माझ्या सॉर्सरेसने अग्नी सोडून शीत घेतले, आणि म्हणून ‘हेल’ काठिण्यपातळीवर शीताचा परिणामच न होणारे राक्षस समोर आले की तिला वाट बदलावी लागते, भाडोत्री सैनिकावर विसंबावे लागते किंवा मुकाट्याने पळावे लागते. हीच तिची ओळख आहे.

‘हेल’विषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पारखीची खरी परीक्षा तिथे होते. ‘नॉर्मल’ आणि ‘नाइटमेअर’ ओलांडून तिथे पोहोचले की पात्राच्या प्रत्येक प्रतिकारशक्तीतून १०० वजा होतात. कमाल मर्यादा ७५ असल्याने ती गाठायला १७५ जमवावे लागतात. मृत्यू आला तर पुढची पातळी गाठायला लागणाऱ्या अनुभवातला दहा टक्के भाग जातो आणि अंगावरचे सामान प्रेताजवळ पडून राहते. इथे नवखा खेळाडू अधिक जोराचे शस्त्र शोधू लागतो आणि जुना खेळाडू आधी बूट, पट्टा आणि ढाल पाहतो. कोणत्या वस्तूवर कोणता गुण येऊ शकतो, कोणता एकाच जागी येतो, कशाच्या बदल्यात काय सोडावे, हा हिशेब तो मनातल्या मनात करत असतो, आणि खरे सांगायचे तर राक्षसाशी लढण्याइतकाच हा हिशेबही खेळाचा भाग आहे.

या हिशेबाची एक बाजू बाहेरच्या माणसाला फार विक्षिप्त वाटते. सॉर्सरेसचा मंत्र टाकण्याचा वेग वस्तूंवर टक्क्यांत लिहिलेला असतो, पण खेळ २५ फ्रेमच्या तालात चालत असल्यामुळे तो वेग सलग वाढत नाही, पायऱ्यांनी वाढतो. ६३ टक्क्यांवर एका मंत्राला ९ फ्रेम लागतात आणि १०५ टक्क्यांवर ८. मधल्या ६४ पासून १०४ पर्यंतच्या कोणत्याही आकड्याचा काडीचाही उपयोग नाही. ज्याला हे माहीत नाही तो १०४ टक्के जमवून समाधानी असतो. ज्याला माहीत आहे तो त्या एका टक्क्यासाठी अंगठी बदलतो किंवा ६३ वर थांबून उरलेली जागा जीव वाढवायला वापरतो. दुर्मीळ वस्तू मिळण्याची शक्यता वाढवणारा ‘मॅजिक फाइंड’ हा गुणही असाच आहे. २५० टक्के जमवले तरी ‘युनिक’ वस्तूंसाठी तो प्रत्यक्षात १२५ टक्क्यांएवढाच लागू होतो, म्हणून एका मर्यादेनंतर नशिबामागे धावण्यापेक्षा राक्षस लवकर मारणे फायद्याचे ठरते. अशा गोष्टी लपवून ठेवणे हा रचनेचा दोष आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि नवख्यासाठी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. माझे मत मात्र असे की या गोष्टी शोधणे, मित्राकडून ऐकणे, वहीत टिपणे आणि वर्षभराने आपल्या हाताला त्याची सवय झालेली पाहणे, यातच या खेळाचे दीर्घायुष्य आहे.

असेच एक उदाहरण ‘इथीरियल’ वस्तूंचे. या वस्तू पन्नास टक्के अधिक जोरकस असतात पण झिजल्यावर दुरुस्त होत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी आम्ही त्या हातही न लावता सोडून देत होतो. मग गिरगावच्या एका मित्राच्या लक्षात आले की आपण नेमलेल्या भाडोत्री सैनिकाच्या हातातली शस्त्रे झिजतच नाहीत. त्या दिवसापासून ती टाकाऊ वस्तू आमच्या लेखी सर्वांत मौल्यवान झाली. खेळात एका अक्षराचाही बदल झाला नव्हता, बदललो होतो ते आम्ही.

पारख जाऊन तिच्या जागी बाजार आला की काय होते, हे याच मालिकेच्या पुढच्या खेळाने दाखवून दिले. मे २०१२ मध्ये आलेल्या ‘डायब्लो ३’ मध्ये लिलावघर होते, तिथे खेळातल्या नाण्यांनी आणि नंतर खऱ्या पैशांनीही वस्तू विकत घेता येत. लढाई त्या खेळात अतिशय सफाईदार होती, मला ती आजही आवडते. परंतु हवी ती वस्तू यादीतून विकत मिळू लागल्यावर जमिनीवर पडणाऱ्या वस्तूकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. लिलावघरामुळे खेळाच्या गाभ्यालाच धक्का बसतो असे कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये स्वतःच मान्य केले आणि १८ मार्च २०१४ रोजी ते बंद केले. ‘डायब्लो २’ मध्येही देवाणघेवाण होतीच. सोन्याला किंमत न उरल्यामुळे एकेकाळी ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठीच चलन म्हणून वापरली जात असे. पण तिथे समोर माणूस असे, घासाघीस असे, आणि आपल्याकडच्या वस्तूचे मोल आपल्यालाच ठाऊक असावे लागे.

या प्रकारातले इतर खेळही मी आवडीने खेळलो आहे. न्यूझीलंडमधल्या ग्राइंडिंग गिअर गेम्सचा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ २०१३ मध्ये आला, आणि त्यात सोने नावाचा प्रकारच ठेवलेला नव्हता. व्यवहारासाठी वापरले जाणारे गोळे हेच वस्तू घडवण्याचे साहित्य असल्याने प्रत्येक वेळी ‘वापरू की साठवू’ हा प्रश्न पडतो; ही कल्पना मला फार थोर वाटते. २०१६ चा ‘ग्रिम डॉन’ एकट्याने, शांतपणे खेळणाऱ्यासाठी उत्तम आहे. ‘एल्डन रिंग’ ही शाखा वेगळी, तिथे पारख डोळ्यांत आणि मनगटात असते, शत्रूचा खांदा हलला की केव्हा बाजूला व्हायचे यात असते. तरी तिथलाही आनंद अखेर हाच आहे की ज्या शत्रूने कालपर्यंत चाळीस वेळा मारले त्याला आज आपण ओळखतो.

आता दोष. तिसरा अंक कुरास्टच्या जंगलात घडतो. तो पूर्वीही कंटाळवाणा होता आणि अजूनही आहे. नदीकाठची ती भूलभुलैया वाट आणि झुडपांतून उड्या मारत येणारे बुटके राक्षस यांना नव्या प्रकाशाने शोभा आली, पण चाल आली नाही. दुसऱ्या अंकातले अळ्यांचे अरुंद बोगदेही तसेच. सामानाच्या पिशवीत दहा बाय चार अशी चाळीसच घरे आहेत, आणि अंगावर बाळगल्याने गुण देणारे ताईत याच घरांत ठेवावे लागतात, त्यामुळे ताकद वाढवायची की माल उचलायला जागा ठेवायची अशी ओढाताण होते. ही ओढाताण मला मान्य आहे, तिच्यात विचार आहे. पण एकावर एक न रचता येणारे रून आणि रत्ने यांनी साठवणीची पेटी भरून जाते, यात विचार दिसत नाही. नव्या आवृत्तीने पेटी मोठी केली आणि सगळ्या पात्रांत सामायिक असे तीन कप्पे दिले, ही सुधारणा इतकी चांगली आहे की आता मूळ खेळाकडे परत जाणे मला अशक्य वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘टेरर झोन’मुळे, म्हणजे आळीपाळीने अधिक कठीण होणाऱ्या भागांमुळे, ठरलेल्या चार जागांवर फेऱ्या मारण्याची सक्ती संपली, हेही चांगले झाले. त्याच वेळी आलेल्या, राक्षसांची अभेद्यता फोडणाऱ्या ताइतांविषयी मात्र मी साशंक आहे. त्यांची किंमत म्हणून आपली स्वतःची प्रतिकारशक्ती घटते खरी, तरी ‘हेल’मधली ती जुनी अडवणूक त्यांनी बरीच सैल केली.

सर्वांत मोठी उणीव ही की जोडलेल्या संगणकांवर आपापसांत खेळण्याची जुनी सोय या आवृत्तीतून वगळण्यात आली आहे. सुरक्षिततेचे कारण देण्यात आले होते, आणि ते कारण खरे असेलही. तरीही एका खोलीत बसून, इंटरनेटच्या वेगाची पर्वा न करता चौघांनी खेळणे हा ज्या खेळाचा आमच्यासाठी अर्थ होता, त्याच्या पुनर्जन्मात नेमके तेच नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्यापैकी एक आता पुण्याला आहे, एक परदेशात. गणपतीला जमलो की लॅपटॉप घेऊन एका टेबलाभोवती बसतो, पण एकत्र खेळण्यासाठी तिथल्या तिथे दूरच्या सर्व्हरवरून वळसा घ्यावा लागतो.

एकट्याने ऑफलाइन खेळण्याची सोय मात्र पूर्ण आहे, आणि चाळिशीतल्या मुंबईकर खेळाडूसाठी ती फार महत्त्वाची आहे. लोकलने घरी पोहोचून, जेवून, मुलीचा अभ्यास घेऊन माझ्या हाती रात्री पाऊण तास उरतो. त्यात दार वाजते, दूध उतू जाते, मुलगी पाणी मागते. ऑफलाइन खेळात एस्केप दाबले की जग थांबते. राक्षसांची संख्या तीच ठेवून त्यांचा जीव वाढवण्याची आज्ञाही इथे देता येते: जणू आठ खेळाडू आहेत असे खेळाला सांगितले की राक्षसांचा जीव साडेचार पट होतो, अनुभव वाढतो आणि वस्तू अधिक पडतात. आजचा दिवस थकवणारा होता तर एक, शनिवार असेल तर पाच किंवा सात, असे मी ठरवतो. पाऊण तासात काउंटेस या राक्षसिणीच्या मनोऱ्याच्या तीन-चार फेऱ्या सहज होतात. ब्लॅक मार्शमधला तो मनोरा, पाच तळघरे, शेवटी काउंटेस आणि तिच्याकडून बहुतेक वेळा मिळणारे रून: आठवड्याच्या मधल्या रात्रींसाठी याहून चांगली वाट मला सापडलेली नाही.

नव्याने घेणाऱ्यासाठी दोन-तीन गोष्टी. सुरुवात सॉर्सरेसने करावी, कारण उडी मारून दूर पोहोचण्याचे ‘टेलिपोर्ट’ हे कौशल्य तिचे स्वतःचे आहे आणि तिच्यामुळे इतर पात्रांसाठी माल जमवणे सोपे जाते. दुसऱ्या अंकातला भाडोत्री सैनिक नेमावा आणि त्याला चार छिद्रांच्या लांब दांड्याच्या शस्त्रात (पोलआर्ममध्ये) राल, तिर, ताल, सोल याच क्रमाने बसवून ‘इनसाइट’ करून द्यावे; मानाची चणचण तिथेच संपते. संगणक आणि मोठा पडदा दोन्ही असतील तर कंट्रोलर वापरून पाहावा, मला तो अनपेक्षितपणे सुखद वाटला, फक्त पिशवी आवरताना माउसच बरा. आणि पहिली दोन पात्रे कोणाचाही सल्ला न वाचता खेळावीत. ती चुकतील, पुढच्या पात्राला लागणारी पारख त्यांच्याकडूनच मिळते.

भाचा ठाण्याला परत गेला तेव्हा त्याच्या फोनमध्ये आमच्या वहीतल्या चार पानांचे फोटो होते. रविवारी त्याचा फोन आला. त्याने स्वतःच्या सॉर्सरेससाठी स्पिरिट बनवली होती, पण विचारायचे वेगळेच होते. ‘‘मामा, तुझ्या तिसऱ्या कप्प्यात तो एकटा रून ठेवलाय, तो कशासाठी?’’ तो ‘बेर’ आहे. तीन छिद्रांच्या चिलखतात जाह, ईथ आणि बेर याच क्रमाने बसवले की ‘एनिग्मा’ होते आणि कोणत्याही पात्राला सॉर्सरेसचे ते टेलिपोर्ट मिळते. माझ्या पॅलाडिनसाठी मला ते हवे आहे. ईथ पहिल्या अंकापासून कुठेही मिळतो. बेर मला मागच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या रात्री मिळाला. आणखी एक बेर मिळाला तर दोन्ही एका रत्नाबरोबर होराड्रिक क्यूबमध्ये, म्हणजे वस्तू एकत्र करून नवी वस्तू देणाऱ्या जादूच्या पेटीत, टाकून जाह करता येईल, पण मग बेर उरणार नाही. त्यामुळे तो तिथेच ठेवला आहे आणि जाह अजून मिळालेला नाही.